गायकवाड काकांची गाणी आणि चेकडिस्क

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी आयटी सपोर्टला आहे. "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं" हे रोज कोणाकडून तरी ऐकतो आणि मनातल्या मनात हसतो.

खोपटला आमच्या शेजारी गायकवाड काकू राहतात. काका भीमगीतं गायचे, चालीही स्वतःच लावायचे. ते गेल्यावर त्यांचा आवाज उरला तो फक्त घरातल्या जुन्या कंप्युटरमध्ये... आणि गेल्या वर्षी तो कंप्युटरच सारखा अडकायला लागला. एका रविवारी सकाळी काकूंनी मला हाक मारली.

लक्षणं हार्ड डिस्कची होती. अशा वेळी आधी कॉपी, मग तपासणी — ऑफिसात हे मीच सगळ्यांना शिकवतो. पण त्या दिवशी मॅच होती, मला घाई! डिस्क तपासणारं विंडोजमधलंच चेकडिस्क लावलं आणि रीस्टार्ट केलं. काळ्या स्क्रीनवर उलटे आकडे सुरू झाले. तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं तर तपासणी रद्द होते. आकडा तीनवर आला आणि... रद्द. कोणी हातही लावला नव्हता.

पुन्हा लावलं. पुन्हा तीनवर रद्द. एखादं बटण अडकलं असेल म्हणून तिसऱ्या वेळी रीस्टार्ट होतानाच कीबोर्डची वायर उपटली आणि हातात धरून बसलो. तीनवर रद्द!

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. काकू मात्र शांतपणे मेथी निवडत होत्या.

"काय झालं रे?"

"काकू, तपासूच देत नाहीये."

"मग राहू दे ना. आधी त्यांची गाणी काढून घे बाबा. बाकीचं मग बघ."

लाज वाटली मला. मुकाट्याने पेनड्राइव्ह लावला. तासाभरात एकूण एक गाणं उतरलं. मग चौथ्यांदा चेकडिस्क लावलं. तीन, दोन, एक... तपासणी सुरळीत सुरू! अकरा टक्क्यांवर डिस्कमधून टकटक आवाज आला आणि ती बंद पडली, ती कायमचीच. गाणी आत असताना हे झालं असतं तर... विचारच नको.

नंतर कीबोर्ड, मदरबोर्ड, सगळं ऑफिसात नेऊन तपासलं. कशातच दोष नाही. मला अजून उत्तर सापडलेलं नाही, तुमच्यापैकी कोणाला सुचत असेल तर जरूर लिहा.

काकूंना मात्र उत्तर नकोच आहे. त्या दुपारी पेनड्राइव्ह टीव्हीला लावून दिला, काकांचा आवाज घरभर झाला. काकूंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांना तीनदा सांगावं लागलं रे तुला."