आत्यानं विमानात अंधार केला

मंडळी, आत्ताच दिल्लीहून नाशिकला घरी पोचले. झोपण्याआधी हे तुम्हाला सांगायलाच हवं.

सोबत सायखेड्याची आत्या होती. तिचा पहिलाच विमानप्रवास. संध्याकाळी मुंबईच्या विमानातून मृग नक्षत्र इतकं लख्ख दिसलं, की मी नवा डिजिटल कॅमेरा काढला. पण फोटोत काचेवर पडलेला आतल्या दिव्यांचा उजेडच येत होता. वैतागून मी कॅमेरा ठेवणार, तेवढ्यात आत्या उठली.

"दादा, डोक्यावरची लाइट जरा बंद करता का? आमच्या पोरीला चांदण्यांचा फोटू काढायचाय."

पुढच्यांना, मागच्यांना, पलीकडच्यांना, सगळ्यांना तिनं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एकेक करत दिवे खरंच बंद झाले! मग तिनं आपली शाल माझ्या डोक्यावरून खिडकीशी धरली. "काढ आता."

बरेच फोटो हलले. एकात मात्र मृगाच्या पोटातल्या बाणाचे तिन्ही तारे स्पष्ट आलेत. मागच्या काकांनीही कॅमेरा मागून घेऊन तो पाहिला.

उतरताना मी विचारलं, "आत्या, तुला संकोच नाही वाटला?"

"कसला संकोच? कुणी नाय म्हणलं का?"

खरंच, कुणीच म्हणालं नव्हतं. मी मात्र कुणाला विचारलंच नसतं. तुम्ही विचारलं असतं?