हात न लावणारे साडू

माझ्या साडूंइतका सावकाश माणूस सबंध मावळात दुसरा नसेल, आणि गंमत म्हणजे कंपनीने त्यांना नेमलं होतं ते तातडीच्या कामासाठी. इंदुरीच्या घरी मिक्सर बंद पडला, तर हे त्याच्यासमोर मांडी घालून बसतात. "कुणी हात लावू नका. बंद पडायच्या आधी आवाज कसा करत होता?" ही पहिली चौकशी. तोवर मेव्हणी पाट्यावर चटणी वाटून मोकळी होते. एकदा तापात डॉक्टरांनी गोळी लिहायला पेन उचललं, तर यांनी त्यांनाच थांबवलं, "आधी माझं सगळं ऐकून तर घ्या!"

आंबीच्या कंपनीत ते कॉम्प्युटरचा जो पसारा सांभाळायचे, त्यात राबणारी मशीनं ढीगभर आणि त्यांना कामं वाटून देणारी कारभारी मशीनं तीन. तिघांपैकी दोघांचं एकमत असल्याशिवाय नवं काही हलायचं नाही. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे टाकव्याला जमलो होतो. अंगठ्यांचं ताट बाहेर येतंय तोच फोन आला. एक कारभारी बंद पडला होता, घाबरून कुणीतरी दुसरा बंद-चालू केला, तर तोही उठेना. साहेब म्हणत होते, सगळं पुसून कालच्या कॉपीवरून उभं करू. म्हणजे आजचं सगळं गेलं.

ऑफिसात शुद्ध बोलणारे साडू एकदम गावच्या बोलीवर आले. "अवो सायेब, हात लावू नका! तिसरं मेलेलं न्हाई. एकटं पडलंय म्हणून गप बसलंय. समदं हाय त्याच्यापाशी!"

मांडवामागे लॅपटॉप घेऊन ते पहिल्या मशीनने बंद पडताना काय काय नोंदवलं होतं, ते ओळ न ओळ वाचू लागले. व्याही खोळंबले. आमचे सासरे जाऊन म्हणाले, "जावईबापू, लेकीपरीस मशीन मोठं का?" साडूंचे कान लाल झाले, पण मान वर झाली नाही. शेवटी सापडलं. जुन्या नोंदी साठून मशीनची डिस्क काठोकाठ भरली होती. त्या हलवल्या, मशीन उठलं, दोघांचं जमलं आणि कामं सुरू झाली. तोवर इकडे अंगठ्या घालून झाल्या होत्या. नव्या शालूतली लेक मांडवामागे आली, त्यांच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "बाबा, उठलं का तुमचं मशीन?"

पुढे कंपनीने तो सगळा कारभार बाहेरच्यांकडे सोपवला. साडूंना बढती मिळाली. आता ते मीटिंगा घेतात आणि वेळेवर घरी येतात. परवा मी विचारलं, "आता निवांत ना?"

"लय निवांत, भाऊ," ते म्हणाले. "कुणाला काय झालं, आता आपल्याला कळतच न्हाई."