चिंध्या बांधलेली ओळ

सुजाताताई मेश्राम गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी दुःख झाले नाही, सुटल्यासारखे वाटले. आता त्या कधीच विचारणार नाहीत, एवढाच विचार मनात आला. मारेगावजवळच्या ज्या शेतात त्यांना सापडलेला आठपायी कोळी संपला ते शेत माझे होते, आणि फवारणीही माझीच होती. हे मी त्यांना अखेरपर्यंत सांगितले नाही. त्या आयुष्यभर शेजारच्या शेतातल्या लेतूभाऊ टेकामांवर रागावलेल्या राहिल्या… आणि तो राग मीच त्यांच्या हाती दिला होता.

कनिष्ठ महाविद्यालयात त्या जीवशास्त्र शिकवीत, मी मराठी. शोकसभेत त्यांना ‘शांत, सोशिक’ म्हटले गेले. हे साफ खोटे आहे. त्या चिडक्या होत्या, आणि चिडायला त्यांच्याकडे कारणे होती. ज्यांनी शिक्षकांच्या खोलीत त्यांना ‘जाळेवाली बाई’ म्हणून हसून घेतले, त्यांनीच त्या सभेत निसर्गप्रेमावर भाषणे केली. मीही बोललो. सुरेख बोललो, असे लोक म्हणाले. त्या शब्दाची मला आजही शिसारी येते.

रविवारी त्या कोळी शोधत शेताशेतांतून हिंडत. माझ्या वावरात पराटीचे, म्हणजे कपाशीचे, एक पान त्यांना उलटे दुमडलेले दिसले. पानाच्या घडीत फिकट हिरवी, तांदळाएवढी कोळ्याची मादी अंडी राखत बसली होती. महाविद्यालयाच्या जुनाट सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी ती कितीदा तरी पाहिली, बाहेरच्या अभ्यासकांना चित्रे पाठवली. ही जात शेजारच्या देशांत सापडलेली होती, भारतातून तिची नोंद नव्हती. मात्र तिच्यासारख्या दुसऱ्या जाती होत्या, आणि नराच्या तोंडाजवळच्या आखूड अवयवांची घडण पाहिल्याखेरीज खात्री देता येत नव्हती. अभ्यासकांनी कळवले : नर आणा, मग नोंद करू.

“सर, एवढी एक ओळ मले द्या, तिच्यावर फवारू नका,” त्या म्हणाल्या. “नर घर करून बसत नाही, हिंडत राह्यते. पण आणखी माद्या इथं आहेत, तं तो इथंच येईन.” जुन्या पातळाच्या चिंध्या फाडून त्यांनी त्या ओळीतल्या झाडांना बांधल्या. मी शब्द दिला. वरून थट्टाही केली, “मॅडम, नवरदेवासाठी मांडव घातला का?” त्या मनापासून हसल्या. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेले नाही.

कापसाची ती वर्षे आठवली की अजून डोके तापते. दुकानात कोणती बाटली पडून आहे, त्यावरून आमच्या पिकाचा रोग ठरत असे. “सर, आज नाही मारलं तं पराटी हातची गेली समजा,” दुकानदाराने सांगितले, आणि शिकलासवरलेला मी घाबरलो. पंप पाठीला लावून शेतात शिरलो. चिंध्यांच्या ओळीपाशी पाय थांबले. बोंडअळी याच ओळीतून पुन्हा पसरली तर, असे वाटले… हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. पानांच्या घड्या सुकलेल्या, आत काही हालत नव्हते. त्यांनी एक चिंधी सोडून नाकाशी धरली. “कोणी मारलं?”

“वारा लेतूभाऊंच्या बाजूनं होता,” मी म्हणालो. एवढेच. मी कुणावर आरोप केला नव्हता, अशी समजूत पुढे कित्येक वर्षे मी स्वतःची घालत आलो.

त्या तडक धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, गेल्या. निंदणाऱ्या बायांसमोर त्यांनी लेतूभाऊंना फाडून खाल्ले. “एक ओळ दिसली नाही तुम्हाला? औषध म्हणता त्याला? विष आहे ते, विष.” लेतूभाऊ म्हणाले, “मॅडम, म्या तं…” आणि माझ्याकडे पाहून गप्प झाले. पुढे एकदा ते तुरीच्या शेंगा घेऊन ताईंच्या दारी गेले. ताईंनी शेंगा दारातूनच परत केल्या.

त्यानंतर केळापूर, झरी जामणी, जिथे कापूस तिथे त्या नर शोधत राहिल्या. शेवटी दुसऱ्या राज्यातल्या अभ्यासकांना नर-मादीची जोडी मिळाली आणि भारतातली पहिली नोंद त्या अभ्यासकांच्या नावावर छापून आली. ताईंनी तो लेख माझ्यासमोर आपटला. “मी काय वेगळं सांगत होते? त्या टेकामाले वाचून दाखवा.” तेव्हा तरी मी बोलायला हवे होते. मी चष्मा पुसत बसलो.

त्यांच्या बहिणीने गेल्या महिन्यात मला एक काचेची कुपी दिली. स्पिरिटमध्ये ती मादी, रंग उडालेली, पाय मिटून. “तुमच्याच शेतातली आहे म्हणे. ताई फार जपायची.” ती कुपी खिशात घालून मी लेतूभाऊंच्या शेतावर गेलो. वेचणी चालू होती. धुऱ्यावर बसून मी सारे सांगितले.

“हे मले तवाच मालूम होतं,” ते म्हणाले. “माह्यापाशी पंप कुठं होता सर? मी तं तुमचाच मागून नेत जाओ. त्या दिवशी तुमच्या घरी आलतो, तं वहिनी म्हणे, सर घेऊन गेले वावरात.”

“मग बोलला का नाहीत?”

“इचारलं कोनं? मॅडमनं सांगूनच टाकलं. अन् तुम्ही उभेच होते ना तिथं.”

ताईंनी विचारले नाही, गावाने विचारले नाही. पंप नसलेल्या माणसाने फवारले, हे सगळ्यांना पटले. कारण तो आदिवासी टेकाम होता आणि मी सर होतो. मी कुपी हातात घट्ट धरली आणि म्हणालो, “लेतूभाऊ, मला माफ करा.”

माझा आवाज मुळात लहान. त्यांनी वेचणाऱ्या बायांकडे मान वळवली. “मॅडम मले बायांसमोर बोलल्या होत्या. त्यातल्या दोघी आहेत तिकडं. त्याहिले आयकू जाऊ द्या.”

मी उभा राहिलो. “विष मी मारलं होतं,” मी ओरडून म्हणालो. बायांचे हात थांबले. “लेतूभाऊंनी नाही, मी. मॅडमची माफी मागायची राहून गेली. लेतूभाऊ, तुमची मागतो… मला माफ करा.”