वारुळामागचा साक्षीदार

देवाजीभाऊंनी आयुष्यात कशावर डोळे मिटून विश्वास ठेवला असेल, तर तो स्वतःच्या संशयावर. सावली गावात त्यांची नि माझी भिंत एक. माझं किराणा दुकान आहे. मी त्यांना साखर मोजून देतो तेव्हा त्यांची नजर साखरेवर नसते, काट्यावर असते. राग येतो, पण शेजार काही बदलता येत नाही.

ते वनरक्षक होते. बरीचशी नोकरी आलापल्लीच्या बाजूला एका तपासणी नाक्यावर गेली. भाताच्या तणसाची बैलबंडी आली की हे कोपरापर्यंत हात तणसात घालणार. एकदा त्यांनी वरातीची गाडी थांबवून नवरदेवाला खाली उतरवलं, आणि त्याच्या गादीखाली खरोखरच सागाच्या फळ्या निघाल्या. तिथून माणूस कामातून गेला. निवृत्त झाल्यावर नाका सुटला, सवय सुटली नाही.

पण त्यांच्या संशयाचं एक मूळ दुखरं आहे, तेही सांगायला हवं. त्यांच्या पुतणीचं लग्न चांगलं पाहूनसवरून झालं होतं. नवऱ्याला सिकलसेल होता. रक्ताचा हा आजार आमच्या भागात घरोघरी माहीत आहे, तरी सासरच्यांनी तो लपवला. नवरा गेला आणि पोरगी पोटात मूल घेऊन परत आली. तिला आणायला देवाजीभाऊच गेले होते. हे आठवलं की मला त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.

त्यांची एकुलती एक लेक रिना गडचिरोलीला नर्स आहे. तिचा नवरा नागसेन तिथंच आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवतो. लग्नानंतर जावई पहिल्यांदा राहायला आला त्या दिवशी देवाजीभाऊंच्या बायकोने, गिरजाबाईंनी, गावरानी कोंबडा कापला. नागसेनने हात जोडले, "मामी, मी नाई खात." बरं, अंडं? नाही. दही? नाही. चहा तरी? "कोरा चालते." वरणभात, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी खाऊन जावई उठला आणि गिरजाबाई चुलीपाशी बसून रडल्या. रश्शाचं भरलेलं पातेलं माझ्या घरी आलं, म्हणून मला हे प्रकरण पहिल्या दिवसापासून ठाऊक.

"आपल्यात नवस नाई, उपास नाई," देवाजीभाऊ मला म्हणाले. "मंग हा कोणाचा नवस फेडून राह्यला?"

"एखाद्या पंथाचा मार्ग घेतला असन," मी म्हणालो.

"मार्गवाला दूध पेते."



रिनाने फोनवर सगळं सांगितलं होतं. नागसेन एका गोठ्यात दूध काढायचं मशीन दुरुस्त करायला गेला होता. तिथं वासरू आईपासून हातभर अंतरावर बांधलेलं, तोंडाला मुसकं, आणि ते मुसक्यातूनच चोखल्यासारखं तोंड हलवत होतं. त्या दिवसापासून त्याने जनावराचं सगळं सोडलं. मांस, अंडी, दूध, मधसुद्धा. देवाजीभाऊंनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि म्हणाले, "जनम गेला माहा जंगलात. मध सोडलेला माणूस मी नाई पायला."

मग एकेक खूण जमायला लागली. जावई दर भेटीत जास्त बारीक दिसायचा. दिवेलागणीला जेवून झोपायचा आणि उजाडायच्या आत सायकल घेऊन गायब. एकदा केस ओले करून परत आला. एकदा गिरजाबाईंना त्याच्या पायांवरचे केस काढलेले दिसले आणि त्यांनी ते मला सांगताना तोंडावर पदर धरला. दोरीवर कसला तरी काळा, चिकटून बसणारा कपडा वाळत असायचा. एकदा तर त्याच्या पिशवीला मोहाच्या दारूसारखा वास आला.

"मोहफुलाचे लाडू हायेत बाबा," रिना म्हणाली. "सायकल चालवतानी खाले. हे ट्रायथलॉनची तयारी करून राह्यले. पोहणं, सायकल आन धावणं, तिन्ही एकाच दिवशी, एकामांग एक."

"आन बारीक काऊन झाले?"

"मेहनत करतेत म्हून. यायचं रक्त मी सोता तपासलं. काई नाई यायले. मी नर्स हाओ ना बाबा?"

"हाव," देवाजीभाऊ म्हणाले. त्यांचं 'हाव' मला ओळखता येतं. नाक्यावर ते असंच 'हाव' म्हणायचे आणि मग तणसात हात घालायचे.

झालं असं की त्याच हिवाळ्यात नागपूरच्या एका मंडळाने आसोलामेंढ्याच्या तलावावर ट्रायथलॉन ठेवलं. दोन किलोमीटर पोहायचं, नव्वद सायकल, मग एकवीस पळायचं. नागसेनचं हे पहिलंच. रिना तिथं औषधोपचाराच्या तंबूत काम करणार होती. देवाजीभाऊंनी ऐकलं आणि त्यांचा बेत पक्का झाला. रात्री अंगणात त्यांनी तो मला सांगितला.

"सिकलवाला इतकं करूच शकत नाई. अर्ध्यावर सोडून देईल तो. नाईतर लबाडी करन, आन लबाडी मी पकडतो. दोन्हीतलं एक झालं का पोरगी त्याच संध्याकाळी माह्या घरी. गिरजाले खोली झाडाले सांगतली."

"आन त्यानं नीट पुरं केलं त?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच गादीखाली फळ्या ठेवल्या आहेत.

पुढचं मी पाहिलेलं नाही. थोडं देवाजीभाऊंनी सांगितलं, थोडं रिनाने. दोघांचं जुळलं म्हणून लिहितो. देवाजीभाऊंच्या शेजारी राहून मीही आता एकट्याचं ऐकून पुढे जात नाही.

मूल गावाला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे असं घरी सांगून ते जुन्या मोपेडवर निघाले. तलावाच्या बांधावर तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसले. पाण्यावर धुकं होतं. रंगीत टोप्या घातलेली माणसं पाण्यात शिरली आणि त्यांना आपला जावई कोणता हेच कळेना. बाहेर येताना मात्र ओळखला, कारण जवळजवळ सगळे येऊन गेल्यावर तो आला. ओठ निळे, पाय लटलट कापत होते. देवाजीभाऊंनी मनात नोंद केली: हे बघ, आजार.

सायकलच्या फेऱ्या पाथरीच्या रस्त्यावर होत्या. ते कधी मोहाच्या झाडामागे, कधी बंद पानठेल्याच्या आडोशाला. जावयाची साखळी उतरली, ती त्याने बसवली, हात चड्डीला पुसले आणि निघाला. पाण्याच्या टेबलापाशी थांबला तेव्हा उभ्या उभ्या झोकांड्या जात होत्या. तिथल्या पोरीने उकडलेलं अंडं पुढे केलं. त्याने मान हलवली. तिने दुधाची थंडगार बाटली धरली. त्याने बाटलीकडे पाहिलं, चांगलंच पाहिलं, आणि खिशातला चेपलेला लाडू काढून खाल्ला.

इथं देवाजीभाऊ पहिल्यांदा अडकले. सासुरवाडीत माणूस नाटक करू शकतो. पण इथं सासू नाही, बायको नाही, ओळखीचं कुत्रंही नाही. मग हा नाही म्हणतो ते कोणाला दाखवायला? बराच वेळ विचार करून त्यांनी उत्तर काढलं की त्याला आपण दिसलो असणार. म्हणून दुपट्टा आणखी वर ओढला.

धावायचा रस्ता नहराच्या काठाने जात होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झुडपी जंगल. अगदी टोकाला एक ड्रम ठेवला होता. त्याला वळसा घालायचा, तिथं खुर्चीवर बसलेल्या पोराला आपला नंबर ओरडून सांगायचा, त्याने लिहून घ्यायचा, आणि परत. देवाजीभाऊंनी सगळा रस्ता सोडून नेमकी हीच जागा धरली. लबाडी करायची तर माणूस ती लोकांपासून सगळ्यात दूरच्या टोकाला करणार, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ड्रमाजवळ माणसाच्या उंचीचं वारूळ होतं. मोपेड झुडपात आडवी टाकून ते त्याच्या मागे बसले.

धावणारे आले, वळले, गेले. मग कोणीच येईना. ऊन कलायला लागलं. खुर्चीवरच्या पोराने उठून दोनदा रस्त्याकडे, तीनदा झुडपाकडे पाहिलं. त्या भागात वाघाची भीती खोटी नाही. शेवटी पलीकडच्या गाववाटेने एक मोटरसायकल आली, पोरगा मागे बसला आणि दोघं त्याच वाटेने निघून गेले. घाईत खुर्ची पडली ती पडलीच.

आता टोकाला फक्त ड्रम, पडलेली खुर्ची आणि वारुळामागे देवाजीभाऊ.

नागसेन आला तेव्हा पळत नव्हता. उजवा पाय ओढत होता. लांबूनच त्याला दिसलं की तिथं कोणी नाही. तो थांबला. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. ड्रम अजून बराच दूर होता, आणि तिथूनच वळला असता तरी विचारणारं कोणी नव्हतं. देवाजीभाऊ वारुळाआडून पुढे वाकले. मला सांगताना ते म्हणाले, "वळ म्हणलं मी मनात. वळ एकदाचा, म्हंजे मी मोकळा." पकडायची इतकी वर्षांची हौस, दुसरं काय!

नागसेन वळला नाही. ड्रमापर्यंत आला, पूर्ण वळसा घातला, वाकून खुर्ची उभी केली आणि त्या रिकाम्या खुर्चीला आपला नंबर सांगितला. मोठ्याने, सांगून ठेवलं होतं तसा. तेवढ्यात देवाजीभाऊंच्या पायाखाली काटकी मोडली. नागसेनने दचकून वारुळाकडे पाहिलं आणि त्या मोडक्या पायाने चक्क पळत सुटला.

देवाजीभाऊ तिथंच बसून राहिले. सुटकेचा आनंद व्हायला हवा होता. जावई निरोगी, जावई खरा. पण त्यांना वाटलं ते वेगळंच, आणि मला सांगताना त्यांनी ते लपवलं नाही. त्यांना लाज वाटली.

मोपेड चालूच होईना, अर्ध्याहून जास्त वाट ती ढकलत न्यावी लागली. ते शेवटच्या मांडवाशी पोचले तेव्हा तिथं वाद सुरू होता. नागसेन वेळेत आला होता, पण टोकाच्या वळणावर त्याची नोंद नव्हती. टेबलामागचे साहेब म्हणत होते की नोंद नाही म्हणजे वळसा नाही, म्हणजे पदक नाही. खुर्चीवरचा पोरगा शेजारी उभा राहून छातीठोकपणे सांगत होता, "मी शेवटलोक तिथंच होतो सर. हे आलेच नाई." नागसेन जमिनीवर बसला होता, पिंढरी दोन्ही हातांनी धरून. एवढंच म्हणाला, "मी गेलतो." रिना त्याच्याजवळ उभी होती. तिचा चेहरा पाहवत नव्हता.

देवाजीभाऊंनी दुपट्टा खाली घेतला.

"हा पोरगा तिथं नोहता," ते म्हणाले. "मोटरसायकलवर बसून आला. खुर्ची पाडून आला. जवाईबापू मांगून आले, डरमाले पुरा वळसा घातला, खुर्ची उभी केली आन तिले नंबर सांगतला. एकशे बेचाळीस."

पोरगा खाली पाहायला लागला. पण साहेब हुशार होते. "आजोबा, तुम्ही यांचे कोण?"

"सासरा."

"मग तुम्ही असंच म्हणणार ना!"

इथं गप्प राहिले असते तर बाकी सगळं झाकलं गेलं असतं. ते मूलहून परतताना सहज आले, असं घरी सांगता आलं असतं. पण मग पदक गेलं असतं. देवाजीभाऊंनी एकदा रिनाकडे पाहिलं आणि मग साहेबांकडे तोंड करून बोलले.

"सायेब, मी याले वाचवाले नाई आलो. पकडाले आलतो. सकाळपासून याच्या मांगं हाओ. हा बिमार हाय, लबाड हाय असं माह्या डोक्यात होतं. लबाडी सापडली असती त मी पोरीले आज घरी नेणार होतो. घरी खोली झाडून ठेवली हाय. मले याची एक बी लबाडी नाई सापडली."

साहेबांनी चष्मा काढला, परत घातला. असा साक्षीदार त्यांना पहिल्यांदाच भेटला असणार. त्यांनी नंबर लिहून घेतला आणि पदक काढायला सांगितलं. आजूबाजूचे टाळ्या वाजवायला लागले. नागसेन बसल्या जागी हसत सुटला, "मामाजी, वारुळामांग तुमी होते? मी वाघ समजलो ना! नाईतर तिथंच बसलो असतो." त्याच्या मनात काही राहिलं नव्हतं, हे कोणालाही दिसत होतं. त्याने वर हात केला आणि देवाजीभाऊंनी तो धरला.

रिना टाळ्या वाजवत नव्हती. तिने आधी नागसेनच्या पायाला पट्टी बांधली, नीट, घाई न करता. मग उठून बापासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"रक्त मी तपासलं म्हून सांगतलं होतं तुमाले. काऊन बारीक झाले, काऊन दूध नाई पेत, सगळं सांगतलं होतं. एक गोठ खोटी निंगाली का बाबा?"

"नाई," देवाजीभाऊ म्हणाले.

"यायचं खरं हाय का खोटं, थे पायाले तुमी दिवसभर वारुळामांग बसले," रिना म्हणाली. "माह्यं खरं मानाले आता कोणत्या वारुळामांग बसान?"

 तंबूत दुसऱ्या कोणाला तरी गरगरत होतं, तिकडून हाक आली, आणि रिना गेली.