गोड्या पाण्याचा हट्ट

दर्यापूरला माहेरी आईनं जपून ठेवलेला गोड्या पाण्याचा तांब्या हातात दिला, की मला राजस्थानातलं ते बोअर आठवतं. जमिनीखालचं पोटॅशचं मीठ शोधायला आम्ही नळीनं खोलवरचे नमुने काढत होतो. मी खारपाणपट्ट्यातली, विहिरीलाही खारंच पाणी असलेल्या गावची; म्हणून ड्रिलिंगच्या मशीनला गोडंच पाणी द्यायचं, हा माझाच हट्ट. दोनदा नळी रिकामी आली. साहेब म्हणाले, इथं मीठच नाही, उद्या मशीन हलवा. तेव्हा आमचा अचलपूरचा ड्रिलर माझ्यावर खेकसला, “मॅडम, काहून गोडं पाणी टाकून राहिल्या? मीठ त्यातच विरघळून राहिलं ना!” मग मी मशीनच्या पाण्याच्या टाकीत मिठाची पोती ओतली, आणखी मीठ विरघळेनासं होईपर्यंत. संध्याकाळी हातभर लांब, लालसर नमुना निघाला. मी जीभ लावली. खारट आणि कडू, म्हणजे पोटॅशच. चूक माझी होती, पण मीठही मीच काढलं.