पोतंभर लाल माती

लोकांचे वडील मुलींना घेऊन देवदर्शनाला जात, माझे वडील मला घेऊन जुने आखाडे बघायला जात. तेही चालते आखाडे नव्हेत. पडके, ओस, जिथे पहिलवानांपेक्षा कोंबड्या जास्त, असे. अकोल्यात बाबांची वकिली बरी चालायची, अशील सकाळपासून ओट्यावर येऊन बसलेले असायचे. पण कोर्टाला सुट्टी लागली की बाबा डोक्यावर टोपी चढवून म्हणायचे, "चल बाई, जाऊन येऊ." कुठे ते विचारायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती.

पन्नास-साठच्या दरम्यानची ही गोष्ट. मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. मला सोबत धाडण्यात आईचा हेतू होता. बाबांना अंतर्गळाचा त्रास होता. जड उचलू नका, जोर-बैठकांचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि कुस्तीचा हौद दिसला की या माणसाच्या अंगावर सदरा राहत नाही, हे आई ओळखून होती. "त्यांना मातीत उतरू द्यायचं नाही," एवढंच मला सांगितलेलं. मी हे काम चोख करायची. बाबांचा हात गळ्याच्या गुंडीकडे गेला की मी दारातूनच म्हणायची, "बाबा, सदरा." ते चोरी पकडल्यासारखे हसायचे आणि गुंडी परत लावायचे.

हे वेड लहानपणचं होतं. आमचं घराणं भिक्षुकीचं. पोरानं संध्या करावी, पूजा सांगावी, अशी घरच्यांची अपेक्षा. पोरगं पहाटे पळी-पंचपात्र ठेवून किल्ल्याच्या भिंतीजवळच्या आखाड्यात पळायचं. तिथे बाबांची जोड जमली ती मोर्णा नदीच्या काठच्या एका माळ्याच्या मुलाशी. वांगी आणि मेथी पिकवणाऱ्या घरातला तो मुलगा पुढे आमचा काका झाला. रक्ताचा नव्हे, मातीचा. दोघांचे वस्ताद कधीच वारले होते, पण दोघं त्यांचं बोलणं असं सांगायचे की वाटावं, म्हातारा आताच चहा पिऊन गेला.

मग ती आखाड्याची जागा विकली गेली आणि तिथे सरकीचं गोदाम यायचं ठरलं. भिंत उठायच्या आत बाबा आणि काका एका सकाळी गेले, हौदातली माती पोत्यात भरली आणि काकाच्या बैलगाडीतून आमच्या घरी आणली. पोतं न्हाणीघरामागच्या पडवीत ठेवलं. काकानं आपल्या मळ्याचा एक कोपरा नव्या आखाड्यासाठी सोडला, वर टिनाचं छप्पर टाकायचं ठरलं. नागपंचमीला तो सुरू व्हायचा होता.

आता माती काय, कुठेही मिळते, असं मीही म्हटलं होतं. तर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विरजणाशिवाय दुधाचं दही होतं असं मी म्हणाले. नव्या हौदात नवी माती कितीही घाला, जुन्या हौदाची माती मिसळल्याशिवाय तो जिवंत होत नाही. जुनी माती म्हणजे विरजण. तिला वर्षानुवर्षं तेल, ताक, हळद, कापूर पाजलेला असतो, आणि कितीतरी पाठींचा घाम. आपल्या वस्तादाची माती मुख्य. शिवाय आजूबाजूच्या नावाजलेल्या आखाड्यांची मूठ-मूठ माती पाहुणी म्हणून बोलवायची. या पाहुण्या गोळा करायला आम्ही बापलेक वऱ्हाडभर फिरत होतो.

अमरावतीला परकोटाच्या आतल्या एका बोळात असा आखाडा होता की त्याचं दार माझ्याही खांद्यापर्यंत येईना. कितीही मोठा पहिलवान असो, त्यानं वाकूनच आत यावं म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं. बायकांनी आत जायचं नाही, म्हणून मी उंबऱ्याबाहेर. आत अंधार आणि गारवा. हौदाच्या बाजूच्या फरशीवर जोर काढून काढून तळहातांचे खळगे पडले होते. बाबा खाली बसले आणि त्यांनी त्या खळग्यांत आपले हात ठेवून बघितले. मी "सदरा" म्हणणार होते, पण म्हटलं नाही. मला त्या क्षणी ते फार आवडले.

तिथल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनाचा चेला जी तुमी?"

बाबांनी वस्तादांचं नाव सांगितलं. घरात शुद्ध बोलणारे, कोर्टात इंग्रजी झाडणारे बाबा आखाड्यात शिरले की एकदम वऱ्हाडी व्हायचे. "मोर्नेच्या काठचा हावो मी. मूठभर माती पायजे होती जी."

म्हाताऱ्यानं बाबांनी पुढे केलेला नारळ घेतला, हौदाच्या मधोमध जाऊन उजव्या हातानं माती काढली आणि बाबांच्या उपरण्यात घातली. "न्या. पन पानी पाजत जा तिले," म्हणाला. लेक सासरी धाडताना बाप बोलतो तसाच त्याचा आवाज झाला होता.

नांदगाव खंडेश्वरला हौदात खरंच कोंबड्या होत्या. मूर्तिजापूरला तर आखाड्यात छतापर्यंत पऱ्हाटी, कपाशीच्या वाळक्या काड्या, रचलेली. जागेचा मालक आधी हसला, मग बाबांचा चेहरा पाहून गड्यांना हाक मारून त्यानं अर्धी पऱ्हाटी बाजूला करवली. त्यापायी पुढच्या गावाची शकुंतला, म्हणजे आमची छोट्या रुळांची आगगाडी, चुकली आणि आम्ही स्टेशनवर शेंगा खात बसलो. बाबांच्या मांडीवर मातीची पुडी, आणि चेहरा असा की जणू सोन्याचा हंडा सापडलाय.

घरी आलो की आई दारातच तांब्या घेऊन उभी. "आधी पाय धुवा. ती माती माझ्या स्वयंपाकघरात आणायची नाही." आई कडक सोवळ्याची. आखाडा म्हणजे घामट माणसं, उघडी अंगं आणि घराण्याचं वाटोळं, असं तिचं पक्कं मत होतं. पुड्या देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवायला मात्र तिनं परवानगी दिली होती.

आषाढ सरत आला. श्रावणाच्या सणवारांआधी आई दर वर्षी चूल नवी घालायची. त्या वर्षीही घातली. तीन-चार दिवस सुकवून पहिल्यांदा पेटवली त्या संध्याकाळी ती भलतीच खूश होती. "अशी चूल जन्मात जमली नव्हती मला. लोण्यासारखी मळली गेली माती, एक चीर नाही पडली बघ!"

बाबा बाहेर अशिलाशी बोलत होते. बोलता बोलता थांबले. उठले आणि हवेत नाक वर करून वास घेत माजघर ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात आले. मलाही तेव्हा वास आला. तापलेल्या हळदीचा, तेलाचा, कापराचा. अमरावतीच्या त्या ठेंगण्या दारात आला होता तो.

बाबा चुलीकडे बघत राहिले. मग पडवीत गेले. पोतं रिकामं, नीट घडी करून ठेवलेलं. आईची टापटीप नेहमीच अशी.

"मला काय माहीत?" आई म्हणाली. "कुंभारवाड्यातून चुलीची माती येते ती तिथेच असते ना दर वर्षी? पुड्यांना हात लावू नका म्हणालात, नाही लावला. पोत्याचं कोण बोललं होतं?"

खरंच कोणी बोललं नव्हतं. सोवळ्याच्या धाकानं बाबांनी पोतं चोरासारखं मागच्या मागे ठेवलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "गोदामाची भिंत उभी राहिली. आता दुसरी नाही," आणि न जेवता ओट्यावर जाऊन बसले. मला आईचाही राग आला, त्यांचाही आला, आणि दोघांची कीवही आली.

काका दुसऱ्या दिवशी आला. ऐकून घेतलं. बाबा म्हणाले, पाहुण्या मातीवरच भागवू. काकानं मान हलवली. "पाहुने आले म्हून घर होते का वकील? घरचं मानूस लागते. राहू दे. टिन कांदे ठेवाच्या कामी येईन."

आई आतून ऐकत होती. चार दिवस घरात कोणी धड बोललं नाही. चूल मात्र सुंदर पेटायची, आणि रोज संध्याकाळी घरभर आखाड्याचा वास. बाबा तेवढा वेळ बाहेर फिरायला जात.

पंचमीला खणू नये, फोडू नये, तवा ठेवू नये, हे आईचं शास्त्र. म्हणून आदल्या दिवशी, सकाळची आंघोळ करून, ती चुलीसमोर बसली. चुलीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. भरल्या श्रावणात पेटती चूल मोडणं म्हणजे तिच्या लेखी केवढा अपशकुन, ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "आई, काय करतेस?"

"गप्प बस आणि घमेलं आण," ती म्हणाली, आणि तिनं पहिला घाव घातला. मग आम्ही दोघींनी खलबत्त्यात ती माती कुटली, मैद्याच्या चाळणीतून चाळली.

पंचमीला शेगडीवर दिंड उकडून नैवेद्य झाला आणि आई घमेलं डोक्यावर घेऊन निघाली. पुढे आई, मागे मी, त्यामागे बाबा, काय चाललंय ते न कळलेले. जन्मात जी बाई आखाड्याच्या रस्त्यानं गेली नव्हती, ती मळ्यातल्या चिखलातून त्या टिनाखाली जाऊन उभी राहिली. नवी माती भरून ठेवलेल्या हौदाच्या कडेला थबकून तिथे आलेल्या काकाला म्हणाली, "भावजी, भाजली आहे. शेण, राख, सगळं लागलंय हिला. चालेल का?"

काकानं चिमूट घेऊन नाकाशी नेली. म्हणाला, "वैनी, वस्ताद रोज सांगत, बामनाच्या पोरा, घरून जेवून येत जाय. आज तुमी वस्तादालेच जेवू घालून आनलं. टाका. तुमच्याच हातानं टाका, मी नाई टाकत."

बायकांनी हौदात पाय ठेवायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. काका बाजूला सरकला. आई उतरली आणि मधोमध जाऊन तिनं घमेलं रिकामं केलं. बाबांनी सदरा काढला. मी तोंड उघडलं, आणि आईनं हौदातूनच माझ्याकडे बघून 'राहू दे' अशी मान हलवली. बाबा उतरले, माती कपाळाला लावली आणि लहान मुलासारखे रडले.

आम्ही घरी परतलो. बाबा सवयीनं दाराशी थांबले, तांब्याची वाट बघत. आई त्यांच्या बाजूनं, घोट्यापर्यंत लाल झालेल्या पायांनी, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "या आत. पानं घेते."