मी मेलेलं म्हटलेलं बाळ

अकोला, १९६२

मैत्रिणींनो,

झालं ते आजच लिहिते. वाचून झालं की पत्र पुढच्या मैत्रिणीला पोस्टानं पाठवा.

तुमच्यासारखीच मीही इथल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात शिकाऊ नर्सांवर देखरेख करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज सकाळी बाळापूरकडची एक बाई अडलेली आली. डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या. बाळ निळं पडलेलं निघालं. पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या, पण श्वास नाही. "गेलं," असं म्हणून मी ते फडक्यात गुंडाळलं आणि आईचा रक्तस्राव थांबवायला वळले.

मागे भातकुलीची सुमन उभी होती, पहिल्या वर्षाची.

"सिस्टर, ते हलून राह्यलं."

"गेलं म्हटलं ना! कापूस दे."

तिनं कापूस दिला. मग माझं न ऐकता बाळ उचललं, तोंडातला चिकटा पुसला आणि तोंडाला तोंड लावून हळूहळू फुंकत राहिली. मी ओरडणार तेवढ्यात ते रडलं.

दुपारी तिला विचारलं, "मले जोरात काहून नाही सांगितलं?"

"मागं तुमाले एक प्रश्न विचारला, त तुमी मले वार्डाबाहेर काढलं होतं."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं.

मायलेकरं ठीक आहेत. डॉक्टरीणबाईंना मी सगळं खरं सांगितलं. सुमनची माफीही मागितली, तर तीच रडायला लागली.

तुमच्या हाताखालच्या पोरी तुमची चूक तुम्हाला तोंडावर सांगतात का? खरं काय ते लिहा.